बोटफंडाचे परबकाका

मी परबकाकांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या एका हातात पेढा होता आणि दुसऱ्या हाताने ते एका ताडपत्रीवर झेंडूचं फूल वाहत होते.

मुलुंड पश्चिमेला, मोठ्या रस्त्यापासून आत, एक जुनी इंडस्ट्रियल इस्टेट आहे. गाळे चौदा. प्रत्येकात सहा-सात माणसं आणि तीन-चार पॉवर प्रेस. पत्रा आत सरकवायचा, वरून लोखंडाचा ठोका पडतो, खाली डब्याचं झाकण नाहीतर कुलपाची पट्टी तयार. वर्षभर तिथे ओरडल्याशिवाय बोलता येत नाही. फक्त खंडेनवमीला यंत्रं गप्प असतात. धुतलेली, तेल दिलेली, कुंकवाची बोटं ओढलेली, गळ्यात माळा. त्या दिवशी कोणीही कोणाच्याही गाळ्यात शिरावं, हात जोडावेत, प्रसाद घ्यावा. दारातून कोणाला परत पाठवायचं नाही. या सवलतीचा फायदा घेऊन मी कामगारांच्या हक्कांची पत्रकं वाटायला गेले होते. परबकाका यंत्रं मोजायला आले होते.

"काका, त्याला नको फूल. ते भंगार आहे," गाळ्याचे मालक नलावडे शेठ घाईघाईने म्हणाले.

"भंगार झालं म्हणून काय झालं? तुमच्यासाठी राबलंच ना ते? आजच्या दिवशी तरी उपाशी ठेवू नका बिचाऱ्याला."

असं म्हणत काकांनी ताडपत्रीचं टोक उचललं. खाली कोरा करकरीत प्रेस. अंगावरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. काकांनी त्याला मनोभावे नमस्कार केला. मग खिशातून वही काढून, "नलावडे शेठ, चार नाही, पाच," असं पुटपुटत आकडा दुरुस्त केला आणि पेढा तोंडात टाकला.

"दर वर्षी माझाच प्रसाद खाऊन माझंच वाटोळं करता तुम्ही!"

"पेढा झकास आहे पण. कुठून आणलात?"

हा मोजणीचा उद्योग कशासाठी, ते सांगायला थोडं मागे जायला हवं. परबकाका तीसेक वर्षं एका वकिलाकडे कारकून होते. वकील फक्त एकाच तऱ्हेच्या केसेस घेत. कामावर हात गेला, पाय गेला, डोळा गेला, त्याची नुकसानभरपाई. कायद्यात एक तक्ता आहे. कोणता अवयव गेला म्हणजे माणसाची कमवायची ताकद किती टक्के गेली, ते त्यात लिहिलेलं आहे. अंगठा तीस टक्के. तर्जनी चौदा. मधलं बोट बारा. अनामिका आणि करंगळी प्रत्येकी सात. काकांना हा तक्ता पाढ्यांसारखा पाठ होता आणि तो ते कुठेही म्हणत. एका साखरपुड्यात नवऱ्या मुलाने मुलीच्या बोटात हिऱ्याची अंगठी घातली, सगळे टाळ्या वाजवत होते, आणि काका शेजारच्याला म्हणाले, "अनामिका. सात टक्के. एवढ्या स्वस्त बोटात एवढी महाग अंगठी!" काकूंनी त्यांना कोपराने ढोसलं तेव्हा ते म्हणाले, "कोपर वाचव गो. त्याचा भाव वेगळा आहे."

मला हे विनोद आधी अजिबात आवडले नाहीत. माझ्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त. लहानपणी मी शोषण हा शब्द शहामृग या शब्दाच्या आधी शिकले. माणसाच्या बोटाला भाव लावणाऱ्या कायद्यावर हसायचं कसं? मी काकांना तसं सुनावलंही.

"हसत नाही बाय, पाठ करतो," ते म्हणाले. "कायद्यात माणूस आहे. पण तुकड्यातुकड्याने आहे. आपण तुकडे ओळखले नाहीत, तर तेवढेसुद्धा मिळत नाहीत."

आणि मग त्यांनी मला त्या कारागिराची गोष्ट सांगितली ज्याचा अंगठा गेला होता. केस चालली, तारखा पडल्या, पुन्हा पडल्या. शेवटी निकाल त्याच्या बाजूने लागला. निकालाची प्रत घेऊन तो माणूस आणि परबकाका गाळ्यावर गेले, तर गाळ्याच्या जागी जिम. काचेच्या मागे माणसं पट्ट्यावर पळत होती. "शेठ त्यांच्याही आधी पळाला होता," काका म्हणाले. "कायदा बरोबर होता, वकील बरोबर होता, न्यायाधीश बरोबर होते. फक्त ज्या खिशातून पैसे यायचे, तो खिसाच शर्टासकट गेला होता."

तो माणूस निकालाची प्रत घडी घालून घेऊन गेला. काका त्यानंतर महिनाभर ऑफिसात कोणाशी बोलले नाहीत, असं काकू सांगतात. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी वकिलाला सांगितलं, "साहेब, आपण आयुष्यभर अपघात झाल्यावर पैसे मागत राहिलो. अपघातानंतर मागायचे म्हणजे भांडण. अपघाताआधी मागितले, तर त्याला वर्गणी म्हणतात."

बोटफंडाचा जन्म या एका वाक्यातून झाला. त्याचं खरं नाव 'सामाईक अपघात साहाय्य निधी'. ते नाव पावतीपुस्तकावर आहे आणि तिथेच राहिलं. इस्टेटमध्ये सगळे बोटफंडच म्हणतात. मोठ्या कारखान्यांना सरकारी विम्याची योजना असते. सहा-सात माणसांच्या गाळ्याला कोणी विचारत नाही. तिथे बोट गेलं की कारागीर आणि मालक, दोघंच समोरासमोर. म्हणून काकांनी गाळेवाल्यांना एकत्र केलं. दरमहा वर्गणी, तिचा एकच फंड, आणि अपघात झाला की आठ दिवसांत दवाखान्याचा खर्च आणि बरा होईपर्यंत अर्धा पगार फंडातून. कायद्याची केस चालायची तेव्हा चालेल. तोवर कारागिराने कोणाच्या दारात उभं राहायचं नाही. काकांना एवढंच हवं होतं. पण ते त्यांना एका इस्टेटपुरतं नको होतं. राज्यातल्या प्रत्येक गाळ्यासाठी हवं होतं.

मालक वर्गणी देतील का, ही शंका सगळ्यांना होती. काकांना नव्हती. "मुंबईत माणूस भाडं थकवेल, बिल थकवेल. पण वर्गणीचं पुस्तक समोर धरलं की हात आपोआप खिशात जातो. पन्नास वर्षांची सवय आहे ती. सरकारला टॅक्स म्हणायची हौस, म्हणून लोक रडतात."

वर्गणी माणसामागे नव्हती, प्रेसमागे होती. कारण विचारलं तेव्हा काका डोळे बारीक करून म्हणाले, "माणूस लपवता येतो गो. इन्स्पेक्टर आला की मागच्या दाराने चहाला पाठवतात. दोन टनांचा प्रेस चहाला पाठवून दाखव म्हणावं." म्हणून ती खंडेनवमीची मोजणी. म्हणून नलावडे शेठची ताडपत्री.

माझी आणि त्यांची गट्टी जमली ती त्यांच्या निवेदनामुळे. ते दर वर्षी मंत्रालयाला एक निवेदन पाठवत. राज्याने बोटफंडासारखी योजना करावी, वर्गणी कशी घ्यावी, कोणी सांभाळावी, सगळं त्यात असे. हस्ताक्षर वकिली, वाक्यं दीड पानाची. मी म्हटलं, मी टाईप करून देते. टाईप करताना मला राहवलं नाही, मी जागोजाग आग ओतली. काकांनी छापील प्रत वाचली, लाल पेन काढलं आणि एकेक उद्गारचिन्ह खोडत बसले. तेवीस निघाली.

"एका पानाला एक," ते म्हणाले. "ते पण जिथे रक्त आहे तिथेच. तू तर पत्त्यापुढेसुद्धा घातलंयस. मंत्रालय, मुंबई! अगो, त्यांना माहीत आहे ते मुंबईत आहेत."

"काका, असं मवाळ लिहून कोणी ऐकत नाही."

"ओरडून लिहिलं की काय होतं ते तुझ्या बाबांना विचार. किती वर्षं वाटतायत पत्रकं?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी घावणे पाठवले.

आता वर्गणीतली सूट कशी आली ते सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. फंडाला दोन वर्षं झाली होती आणि काकांना वाटू लागलं, नुसतं बोट गेल्यावर पैसे देऊन काय उपयोग, बोट जायलाच नको. म्हणून त्यांनी नियम काढला. ज्या गाळ्यात वर्षभर एकही अपघात नाही, त्याला पुढच्या वर्षी अर्धी वर्गणी. शिवाय दारावर हिरवी पाटी. पाटीवरचा मजकूर माझा होता, 'येथे सर्वांची बोटे शाबूत आहेत!' उद्गारचिन्ह काकांनी अर्थातच खोडलं. मालक लोक एकदम खूश. नलावडे शेठसुद्धा म्हणाले, "आता बोललात धंद्याचं."

पहिली पाटी गेली हंसाबेनच्या गाळ्याला. नवरा वारल्यावर हंसाबेनने कुलपांचा तो गाळा स्वतः चालवायला घेतला होता. प्रत्येक प्रेसला जाळीचं गार्ड बसवणारी इस्टेटमधली ती पहिली मालकीण. वर्गणी अर्धी झाली तेव्हा वाचलेल्या पैशांत तिने सगळ्या कारागिरांना श्रीखंड-पुरीचं जेवण घातलं. दुसऱ्या वर्षीही पाटी, दुसऱ्या वर्षीही श्रीखंड. काका तिच्या गाळ्यासमोरून जाताना उगाच थांबत आणि पाटी सरळ असली तरी सरळ करत.

तिसऱ्या वर्षी श्रावणात सरकारचं पत्र आलं. नुकसानभरपाईच्या व्यवस्थेत सुधारणा सुचवण्यासाठी समिती नेमली होती आणि परबकाकांना आपली योजना मांडायला बोलावलं होतं. सुनावणी दसऱ्यानंतरच्या मंगळवारी. पत्रात एक ओळ खास होती. अपघात नसलेल्या गाळ्याला सूट द्यायची कल्पना समितीला विशेष वाटली होती. काकांनी ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि पिशवीसकट इस्टेटभर वाचून दाखवलं. काकूंनी सुनावणीसाठी नवा शर्ट घेतला. "आकाशीच घेतला," त्या मला म्हणाल्या, "पांढऱ्यात ते पुढाऱ्यासारखे दिसतात."

मग खंडेनवमी आली. हंसाबेनने त्या वर्षी पूजेचा मान काकांना दिला होता. प्रेसची पूजा झाली, आरती झाली, त्या दिवशी लागणाऱ्या तिसऱ्या पाटीच्या खिळ्यालासुद्धा कोणीतरी कुंकू लावलं होतं. मग काका तांब्यातलं तीर्थ पळीने एकेकाच्या हातावर देऊ लागले. कारागिरांत बाळा धुरी होता. काकांच्या शेजारच्या गावचा, तिशीतला, गप्पिष्ट. आज तो सगळ्यांच्या मागे उभा होता, उजवा हात खिशात.

"काका, माझा उपास आहे."

"तीर्थाला कसला उपास रे? हात पुढे कर."

बाळाने हात पुढे केला. डावा.

"डावा? आयेने ह्याच शिकवल्यान तुका?"

सगळे हसले. एकजण फारच मोठ्याने हसला आणि मग एकटाच हसत राहिला.

"उजवा, बाळा."

हात खिशातून बाहेर आला. तर्जनीचं वरचं पेर नव्हतं. जखम भरत आलेली, वर रुमालाची घडी, कडेने हळद.

हंसाबेन प्रसादाचं ताट घेऊन उभी होती. ती तिथेच एका खोक्यावर बसली. "बाळा, हे कधी झालं रे?"

"महिना झाला, बेन."

"महिना? तेव्हा तर तू गणपतीला गावी गेला होतास!"

आणि मग ते सगळं एकेका तोंडून बाहेर आलं. गणपतीच्या आधी पत्रा अडकला म्हणून गार्ड काढलं होतं, ते परत लावायच्या आत ठोका पडला. हंसाबेन त्या दिवशी बँकेत गेली होती. बाकीच्यांनी फरशी धुतली, बाळाला दूरच्या डॉक्टरकडे नेलं, आपसांत पैसे जमवले आणि बेनना सांगितलं, बाळा लवकर गावी गेला. गणपतीच्या दिवसांत कोकणातला माणूस मुंबईत नसेल तर त्याला कोण विचारतो? इतकी सोपी थाप त्यांना वर्षभरात दुसरी मिळाली नसती. बाळा दहा दिवस भांडुपच्या खोलीत हात वर बांधून बसून होता. परतल्यावर त्यांनी त्याला हातमोजा घालून मागे पॅकिंगला बसवलं.

"पण का?" हंसाबेनने विचारलं.

बाळाने पाटीच्या खिळ्याकडे पाहिलं. "पाटी गेली असती, बेन. सगळे म्हणत होते, तिसरी पाटी, ह्या वर्षी श्रीखंड दोन तऱ्हेचं. माझ्या एका पेरापायी सगळ्यांचं कशाला... आणि काकांची ती मिटिंग पण होती ना सरकारकडे."

मला वाटलं, आता काका टक्के सांगतील. तर्जनीचं एक पेर, नऊ. मलासुद्धा एव्हाना पाठ झालं होतं. पण काका आकडा बोलले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "गणपतीक गेलंस नाय तू?"

"नाय, काका."

"घराकडे काय सांगितलंस?"

"रजा नाय मिळाली म्हणून."

काकांनी पळी तांब्यात ठेवली. दारापाशी गेले, जुनी हिरवी पाटी खिळ्यावरून काढली आणि काखेत मारून बाहेर पडले. मी मागोमाग. इस्टेटच्या फाटकापाशी ते थांबले. मग म्हणाले, "पेराला नऊ टक्के. गणपती चुकला त्याला किती, ते तक्त्यात नाही."

"काका, ह्यात तुमची काय चूक? गार्ड त्यांनी काढलं, लपवलं त्यांनी."

"बोट गेलं ते गार्ड काढलं म्हणून. लपवलं ते माझ्या नियमामुळे. मी त्यांना अर्धी वर्गणी दिली ती बोट वाचवल्याबद्दल नाही गो. गप्प बसल्याबद्दल दिली. बाकीच्या पाट्यांमागे किती बोटं आहेत, कुणाला ठाऊक?"

त्यांनी शोधलं. दोन दिवस गाळ्यागाळ्यात फिरले. मालकांना नाही, कारागिरांना विचारलं. आणखी दोन हात निघाले. एका गाळ्यात चेचलेलं नख, दुसऱ्यात मधल्या बोटाचं टोक. दोन्ही दारांवर हिरव्या पाट्या.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी त्यांनी मालकांची बैठक बोलावली. गणपती मंडळाच्या खोलीत, सतरंजीवर. काका उभे राहिले आणि म्हणाले, सूट रद्द, पाट्या रद्द, बाळाला आणि त्या दोघांना फंडातून पैसे मिळतील, आणि गुन्हेगार मी.

नलावडे शेठ हसले. "काका, गुन्हेगार तुम्ही, आणि दंड आम्हाला? सूट होती म्हणून आम्ही आलो. आता पूर्ण वर्गणी भरायची, वर दारावर पाटी पण नाही. आम्हाला काय मिळणार?"

"तुमच्या कारागिराचं बोट गेलं तर त्याला आठ दिवसांत—"

"त्याला. मी मला विचारतोय."

नलावडे उठले. त्यांच्यामागे आणखी सात जण उठले. चौदातले सहा उरले. हंसाबेन बसूनच होती. "परबभाई," ती म्हणाली, "पाटी माझ्या दारावर होती. तुमी एकटे कशाला डोक्यावर घेता?"

मी दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी गेले आणि अक्षरशः हात जोडले. "काका, उद्याची सुनावणी आहे. समितीला सूट आवडली आहे. आत्ता बाळाचं काही बोलू नका. एकदा योजना मंजूर होऊ दे, कायद्यात येऊ दे, सूट नंतर काढता येईल. इतकी वर्षं वाट पाहिलीत तुम्ही!"

काका नव्या शर्टाची बटणं तपासत होते. "तू पत्रकात खोटं छापतेस?"

"खोटं नाही. थोडं कमी."

"बाळाचं पण थोडंच कमी झालंय," ते म्हणाले.

सुनावणी वांद्र्याच्या सरकारी इमारतीत होती. लांब टेबल, त्यामागे पाच जण, मधोमध अध्यक्षीणबाई. समोर खुर्च्यांवर मालकांच्या संघटनांची टाय घातलेली माणसं. प्रत्येकाला तीन मिनिटं. वेळ संपली की शिपाई घंटा वाजवे. आकाशी शर्टातले काका खरंच छान दिसत होते.

"परब, तुमचं सूट द्यायचं कलम आम्ही मसुद्यात घ्यायचा विचार करतोय," अध्यक्षीणबाई हसून म्हणाल्या. "अभिनंदन. बोला."

"बाईसाहेब, तेच काढा म्हणायला आलोय."

हॉलमध्ये खसखस पिकली. काकांनी बाळाची गोष्ट सांगितली. नाव न घेता, पण गणपतीसकट. "अपघात नसल्याबद्दल बक्षीस दिलं की अपघात कमी होत नाहीत. कागदावरचे अपघात कमी होतात. माझ्या चौदा गाळ्यांत तीन हात खिशात निघाले. तुम्ही राज्यभर सूट दिलीत तर किती खिसे तपासणार?"

"मग प्रस्ताव मागे घेताय का?"

"नाही हो. फंड ठेवा. प्रेसमागे वर्गणी ठेवा. आठ दिवसांची मुदत ठेवा. फक्त माझी चूक तुमच्या कायद्यात घालू नका."

मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि गप्प झालं. अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढला. "समजलं. पण मग मालकांना आकर्षण काय? वर्गणी त्यांनी का द्यावी?"

नलावडे शेठनी विचारलं होतं तेच. काका उभे होते. हात खिशातल्या वहीकडे गेला, तिथेच राहिला. घंटा वाजली.

बाहेर आलो तेव्हा मी रडायच्या बेतात होते आणि काका नुसते चालत होते. रस्ता ओलांडताना उलट्या बाजूने एक रिक्षा आली आणि माझ्या ओढणीला घासून गेली. मी रिक्षावाल्याच्या सात पिढ्या काढल्या. मग बसस्टॉपवरच्या बाईला सांगितलं, कशी वाचले. मग उसाच्या रसवाल्याला. मग फोन करून आईला. प्रत्येक वेळी रिक्षा थोडी मोठी होत होती. काका रस पीत माझ्याकडे बघत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"बाय," ते हळूच म्हणाले, "जे गेलं ते माणूस लपवतो. जे वाचलं ते चार जणांना सांगत सुटतो."

आणि त्यांनी रस अर्धा टाकून बस पकडली.

दुसऱ्या दिवसापासून इस्टेटच्या फाटकापाशी एक टेबल लागलं. टेबलावर एक जाड वही. वर काकांच्या वकिली अक्षरात, 'थोडक्यात वाचलो'. ज्याचं बोट, हात, डोकं वाचलं, त्याने येऊन लिहून द्यायचं. लिहिणाऱ्याला फंडातर्फे वडापाव आणि चहा. नोंद झाली की दुसऱ्या दिवशी काका त्या प्रेसपाशी हजर. गार्ड सैल असेल, पेडल अडकत असेल, ते दुरुस्त झालं की त्या गाळ्याची त्या महिन्याची वर्गणी थोडी कमी. बोट शाबूत आहे म्हणून नाही, बोट कुठे जाणार होतं ते सांगितलं म्हणून.

पहिला आठवडा निव्वळ धमाल. वडापावाच्या वासाने माणसं काहीही सांगत येत. एकाने लिहिलं, प्रेसवर कबूतर बसलं होतं. "कोण वाचलं, तू की कबूतर?" काकांनी विचारलं. "कबूतर." "मग त्याला पाठव वडापाव खायला." दुसऱ्याने लिहिलं, मालक चिडले होते, थोडक्यात वाचलो. काकांनी ते वहीत ठेवलं. म्हणाले, हे खरं आहे. पण त्या हसण्यातून खऱ्या नोंदी येऊ लागल्या. दोन्ही हातांनी दाबायच्या दोन बटणांपैकी एक बटण काडी खुपसून दाबून ठेवलं होतं, म्हणून दुसरा हात आत होता. हे आजवर कोणी मालकाला सांगितलं नव्हतं, कारण काडी लावल्यावर नग जास्त निघत. त्याच्या दुसऱ्या दिवशी हंसाबेनने काड्यांचा डबा जप्त केला. बाळा बरा होऊन कामावर आला आणि टेबलापाशी वडे वाढायची जबाबदारी त्याने मागून घेतली.

काकांनी नवा नियम समितीला लिहून पाठवला. मी टाईप केला. एकही उद्गारचिन्ह घातलं नाही. पोच आली आहे. पोच म्हणजे काम किती पुढे गेलं आणि किती नाही, हे काकांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. अहवाल अजून आलेला नाही. सोडून गेलेल्या आठांपैकी तिघे परतले, पाच बाहेरच, त्यांत नलावडे शेठ.

मी आता कांदिवलीला राहते. मुलुंडला जाणं म्हणजे अर्धा दिवस. गेल्या महिन्यात गेले तेव्हा जेवणाची सुट्टी होती आणि टेबलापुढे रांग लागली होती. मी रांगेच्या कडेला थांबले. काका खाली मान घालून लिहीत होते. रांगेत चौथा माणूस नलावडे शेठ होते. मालक, रांगेत, कारागिरांच्या मागे. पुढच्याने वळून त्यांना जागा द्यायला बघितलं, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता.

त्यांची पाळी आली.

"नाव?" काकांनी वर न बघता विचारलं.

"काका, मी आहे."

"नाव?"

"सुभाष नलावडे."

"काय झालं?"

"प्रेसमध्ये साच्याची डाय बसवत होतो. कारागीर सुट्टीवर, म्हणून म्हटलं मीच बसवतो. हात आत होता. माझाच पाय पेडलवर गेला. कसा गेला, माहीत नाही. हात काढला आणि..." त्यांनी पुढचं हाताने दाखवलं. वरून खाली. "चूक माझीच आहे. लिहा तसं."

"तो रकाना नाही," काका म्हणाले. "तो ठेवला तर कोणी येणार नाही."

रांगेत कोणी कुजबुजलं नाही, कोणी टोमणा मारला नाही, आणि मुलुंडच्या इस्टेटमध्ये हे सहसा होत नाही. काकांनी ओळ पुरी केली, तारीख घातली, सही घेतली. मग बाळाने वडापाव कागदात गुंडाळून पुढे केला. शेठनी तो दोन्ही हातांनी धरला. चटणी कागदातून मनगटावर ओघळली, ती त्यांनी पुसली नाही. पण धरला होता नीट, दहाही बोटांनी.

"पुढचा," परबकाका म्हणाले.